असई १८०३ : घरांच्या पटावरची लढाई (प्रकल्प नोंदी)

१ जून

२३ सप्टेंबर १८०३ ची असईची लढाई संगणकावर, षट्कोनी घरांच्या पटावर, पाळीपाळीने खेळता येईल अशी बांधायची आहे. एका बाजूला इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली, दुसऱ्या बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले. खेळ एकट्याने संगणकाविरुद्ध किंवा दोघांनी एकाच यंत्रावर खेळता यावा. आज्ञावली पायथन ३.११ मध्ये, पडद्यासाठी पायगेम, नकाशासाठी क्यूजीआयएस.

असई निवडण्याचं कारण मैदानात आहे. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात, दुपारी तीनच्या सुमारापासून साधारण सहापर्यंत सगळं आटोपलं. आणि लढाई एका प्रश्नावर तोललेली आहे: केळणेकडे, म्हणजे दक्षिणेला तोंड करून उभी असलेली शिंद्यांची कवायती फळी, इंग्रज फौज नदीच्या उतारातून (चालत पार होण्याच्या जागेतून) वर येऊन मांडली जाण्याआधी काटकोनात पूर्वेकडे वळते की नाही. इतिहासात ती वळली, आणि उत्तम वळली. असा प्रश्न पाळीच्या खेळात मावतो. घड्याळ पळत असलेल्या खेळात तोच प्रश्न माउस कोण झपझप चालवतो यावर येऊन थांबतो. पाळीत घड्याळ थांबतं, पण हुकूम मात्र मोजकेच देता येतात. त्या मोजक्या हुकमांचं वजन टिकवणं, हे या कामाचं पहिलं कलम.

३ जून : पाळी किती मिनिटांची?

प्रशियात १८२४ साली धाकट्या राइसविट्झने मांडलेल्या क्रीग्सश्पील या लष्करी युद्धखेळात नकाशा १:८००० आणि एक पाळी २ मिनिटांची होती. ते मोजमाप इथे लावलं तर तीन तासांच्या ९० पाळ्या होतात. इतक्या पाळ्यांत एकेक चाल किरकोळ वाटायला लागते. उलट अर्ध्या तासाची पाळी घेतली तर सहाच पाळ्या उरतात आणि फळीचं सगळं वळण एका पाळीत गडप होतं. म्हणून १० मिनिटांची पाळी आणि १८ पाळ्या.

त्यावरून चाल काढली. कवायतीच्या साध्या चालीत मिनिटाला ७५ पावलं, पाऊल ३० इंचांचं. म्हणजे मिनिटाला सुमारे ५७ मीटर, १० मिनिटांत ५७०. घर १५० मीटरचं धरलं तर रांगेने चालणाऱ्या पलटणीला ४ घरं. फळी पसरून चालताना दर थोड्या अंतरावर थांबून ओळ सरळ करावी लागते, म्हणून तिला ३. घोडदळाचा हिशोब दुडक्या चालीने बराच वर जातो, पण घोडी दमतात आणि रिसाला विस्कटतो. ८ वर थांबवलं.

६ जून : नकाशा

क्यूजीआयएसमध्ये प्रकल्पाची निर्देशांक-प्रणाली आधीच मीटरमध्ये मोजणारी यूटीएम ४३ उत्तर (ईपीएसजी ३२६४३) करून घ्यावी. ती अक्षांश-रेखांशात राहिली तर जाळी बनवताना दिलेले १५० हे मीटर न समजता अंश समजले जातात आणि हाती काहीच लागत नाही. जाळीच्या साधनात षट्कोन निवडून उभं अंतर १५० दिलं की उभ्या स्तंभांमधलं अंतर आपोआप १३० मीटर (१५० × ०.८६६) होतं. पट ४.५ बाय ३ किलोमीटर, म्हणजे ३५ स्तंभ, २० ओळी, ७०० घरं.

उंचीसाठी एसआरटीएमची (अंतराळयानातून रडारने मोजलेली) ३० मीटरची माहिती घेतली. चढउतार ठीक आले, पण नद्यांचे तुटलेले काठ त्यात दिसतच नाहीत, कारण अरुंद पात्राचा काठ ३० मीटरच्या एका ठिपक्यात विरून जातो. म्हणून काठ हाताने आखले, आणि घरात न आखता घरांच्या कडांवर आखले. नदी घरात ठेवली तर दीडशे मीटरचं पात्र होतं आणि पलटण नदीतच मुक्काम करून बसते. कडेवर ठेवली की पलटण एकतर या काठावर असते किंवा त्या. केळणेच्या प्रत्येक कडेला पायदळ आणि तोफांसाठी 'बंद' हा शेरा. उघडी कड फक्त उताराची.

९ जून : षट्कोनाला काटकोन नाही

आजचा दिवस यातच गेला, आणि जाणं योग्य होतं.

आपली घरं माथ्याला सपाट आहेत. शेजार उत्तर, दक्षिण आणि चार तिरप्या दिशांना. थेट पूर्वेला किंवा पश्चिमेला शेजारी घर नाही, तिथे कोपरा येतो. हे जाणूनबुजून केलं. मुख्य झुंजीत दोन्ही फळ्या उत्तर-दक्षिण पसरलेल्या असतात आणि या जाळीत उत्तर-दक्षिण ओळ एका स्तंभात सरळ बसते. घरं टोकदार माथ्याची घेतली असती तर तीच ओळ नागमोडी झाली असती आणि एकेका पलटणीची बगल आपोआप उघडी पडली असती.

पण सोंगटीला सहाच तोंडं दिली तर दोन तोंडांत ६० अंशांचा फरक पडतो. वळण ६० चं किंवा १२० चं; ९० चं होतच नाही. ज्या लढाईचा कणा काटकोनातलं वळण आहे, ती ज्या पटावर काटकोनच नाही त्यावर मांडायची! म्हणून बारा तोंडं केली, ३० अंशांची एकेक पायरी. सम क्रमांकाचं तोंड घराच्या कडेकडे, विषम क्रमांकाचं कोपऱ्याकडे. दक्षिण म्हणजे कड, पूर्व म्हणजे कोपरा, मधे बरोबर तीन पायऱ्या.

कोपऱ्याकडे तोंड असेल तेव्हा समोर दोन घरं, बगलेला दोन, पिछाडीला दोन. कडेकडे तोंड असेल तेव्हा समोर एक पूर्ण आणि त्याच्या दोन्ही अंगांना दोन अर्धी. अर्ध्या घरात गोळीबार निम्म्या जोराचा. पिछाडीकडेही तसंच.

फळीतल्या पलटणीला एका पायरीला एक चाल खर्च, म्हणजे काटकोनात वळायला तिची पूर्ण पाळी. हे बसवून अकरा सोंगट्यांची दक्षिणमुखी ओळ केळणेच्या काठाने लावली आणि एका पाळीत सगळ्यांना पूर्वेकडे वळवलं. आकड्यांत सगळं बरोबर. पटावर मात्र अकरा पलटणी एकीमागे एक, तिकीट खिडकीपुढे उभ्या राहाव्यात तशा. गोळी झाडायला मोकळी फक्त सर्वांत पूर्वेची. बाकी दहांच्या पुढ्यात आपल्याच माणसांची पाठ. सोंगट्या वळल्या, फळी वळलीच नव्हती. फळी वळवायची तर प्रत्येक पलटणीने आपली जागा सोडून, रांग धरून, नव्या ओळीत जाऊन पुन्हा पसरायला हवं. पुस्तकात 'फळीने तोंड बदललं' या तीन शब्दांत जे उरकतं, ते पटावर स्वतः करताना शिंद्यांच्या पायदळाचा सेनानी पोलमन याच्या कवायती कंपूचं (ब्रिगेडचं) कसब कळतं.

१२ जून : दोन घड्याळं

दोन्ही बाजूंना किती वेळ लागतो ते कागदावर मांडलं.

शिंद्यांची बाजू: नद्यांमधली जागा साधारण १.६ किलोमीटर, म्हणजे ११ घरं. केळणेकडचं टोक खुंटा धरून ११ घरांची ओळ काटकोनात फिरवली तर बाहेरच्या टोकाला २.६ किलोमीटर जावं लागतं. रांगेने पाळीला ४ घरं (६०० मीटर) धरून सव्वाचारहून जास्त पाळ्या, म्हणजे पाच.

इंग्रजांची बाजू: सुमारे ४,५०० माणसं एकाच उतारातून. चौघे-चौघे आले तर ११०० हून अधिक ओळी, लांबी किलोमीटरच्या वर, आणि पाण्यात निम्मी चाल. पाऊण तास तरी हवा. पटावर उताराची क्षमता पाळीला ३ सोंगट्या ठेवली. १४ सोंगट्यांना पाच पाळ्या.

पाच विरुद्ध पाच. हे ओढूनताणून जुळवलेलं नाही. पावलं आणि पात्र मोजत गेलं की इथेच येतं. खेळाचा सगळा ताण या बरोबरीत आहे. उताराची क्षमता ४ केली तर इंग्रज एक पाळी आधी पोचतात आणि वळणाऱ्या रांगांना गाठतात. २ केली तर सात पाळ्या लागतात आणि समोर तोफा लावून तयार असतात. हा आकडा पर्यायांच्या पानावर आणायचा नाही.

१७ जून : सोंगट्या

इंग्रज बाजू १४: ७८ वी आणि ७४ वी हायलँडर पलटण, पहाऱ्याच्या तुकड्या मिळून एक, मद्रासच्या चार पलटणी, १९ वी ड्रॅगून, मद्रास घोडदळाच्या ४, ५ आणि ७ क्रमांकाच्या रेजिमेंट, आणि १७ तोफांच्या तीन. म्हैसूरचे आणि पेशव्यांच्या बाजूचे सुमारे ५,००० स्वार केळणेच्या दक्षिणेलाच राहिले होते. पटावर ते फक्त दक्षिण कड अडवतात.

शिंद्यांचे कवायती सुमारे १०,८००. सहाशेची एक पलटण धरून १८ सोंगट्या. सहाशे माणसं तीन ओळींत उभी केली की सव्वाशे मीटरच्या आतबाहेर जागा लागते, दीडशेच्या घरात नीट बसतात. १८ पलटणी आणि जागा ११ घरांची, तेव्हा सात उरतात आणि त्यांना जुईच्या काठाने असई गावाकडे उभं करावं लागतं. तिथे दुसरी फळी खरोखरच होती. ती नियमात लिहावी लागली नाही, जागेनेच ती लावली.

तोफा शंभराहून अधिक. सहा-सहाच्या १८ सोंगट्या. गोळ्याचा पल्ला ६ घरं, छर्ऱ्याचा २. इंग्रजांच्या तोफा ओढणारे बैल लढाईत मारले गेले आणि तोफा मागे राहिल्या, म्हणून प्रत्येक तोफसोंगटीला बैलांचा वेगळा आकडा. तो शून्य झाला की तोफ आहे तिथून डागता येते, हलत नाही. बैल विसरले की खेळणारा तोफा पुढे नेत बसतो आणि संगिनीचा हल्ला कधी करावाच लागत नाही.

२२ जून : दान

धीराची कसोटी दोन फाशांवर. बेरीज पलटणीच्या धीराइतकी किंवा कमी आली तर ती टिकते. चांगल्या पलटणीचा धीर ८, टिकण्याची शक्यता ३६ पैकी २६, म्हणजे ७२ टक्के. छर्ऱ्याच्या माऱ्यात २ वजा: ३६ पैकी १५, ४२ टक्के. वर बगलेवर शत्रू, आणखी २ वजा: ३६ पैकी ६, १७ टक्के. घसरण एकसारखी नाही. पहिला धक्का पचतो, दुसऱ्याला पलटण कोसळते. एकाच फाशावर हा आकार मिळत नाही.

एक चूक सापडायला वेळ लागला. डाव जतन करून पुन्हा उघडल्यावर तेच दान पडावं अशी योजना होती. नाहीतर वाईट दान पडलं की डाव मागे नेऊन पुन्हा टाकायची सवय लागते, आणि मग हुकमाला काही किंमत राहत नाही. म्हणून प्रत्येक दानाचं बीज (ज्या आकड्यावरून संगणक दान ठरवतो) लढाईचा क्रमांक, पाळी, हल्लेखोराचं नाव आणि लक्ष्याचं नाव यांतून काढलं. चाली कोणत्या क्रमाने केल्या यावर ते अवलंबून नाही, त्यामुळे आधी भलतीच चाल करून दान बदलण्याची पळवाटही बंद. खेळ चालू असेपर्यंत सगळं ठीक, बंद करून उघडला की दानं वेगळी! पायथनचं हॅश() हे फलन अक्षरमालेसाठी दर वेळी आज्ञावली सुरू होताना वेगळा आकडा देतं. ते काढून पायथनच्याच झेडलिबमधलं सीआरसी-३२ घातलं, जे दर वेळी तोच आकडा देतं. सोंगट्या संचात (सेट) ठेवल्या होत्या, तिथेही क्रम बदलत होता. सूची करून नावाने लावून घेतल्या.

२९ जून : निपचित तोफा

असईत तोफखान्यावरून इंग्रज फळी पुढे गेल्यावर मेल्यासारखे पडलेले काही गोलंदाज उठले आणि त्यांनी तोफा फिरवून पाठीमागून मारा केला. वेलस्लीला ७८ वी पलटण आणि ७ वं मद्रास घोडदळ घेऊन त्या तोफांवर परत यावं लागलं.

पहिल्या मांडणीत घर जिंकलं की तोफ पटावरून उचलली जायची. आता ती 'निपचित' होते. दर पाळीला एक फासा. ५ किंवा ६ आला आणि दोन घरांत शत्रूची पाठ असली तर तोफ उठते. अशा सहा तोफा मागे सोडल्या तर त्याच पाळीत एकही न उठण्याची शक्यता (२/३)^६, म्हणजे नऊ टक्क्यांच्याही आत. कायमची बंद करायची तर पलटणीने एक पूर्ण पाळी थांबून बत्तीच्या कानात खिळे ठोकायचे. थांबलं तर समोरची फळी सावरते, न थांबलं तर पाठीत मारा. पटावर दोन्हीकडे दिसणारी किंमत आणि मधे एकच पाळी: पाळीच्या खेळाचं सगळं सुख अशा ठिकाणी आहे.

५ जुलै : स्वार

मराठी बाजूच्या स्वारांचे अंदाज ३० ते ४० हजारांचे. ते पूर्ण जोराने पटावर आणले की तिसऱ्या पाळीत लढाई संपते, कारण खेळणारा त्यांना एकगठ्ठा उतारावर घालतो. नुसता त्यांचा धीर कमी करणं चुकीचं होतं. भित्रे स्वार असा अर्थ निघतो आणि तो खरा नाही.

मार्ग जुन्या फौजी व्यवस्थेतच आहे. शिलेदाराचा घोडा त्याच्या स्वतःच्या मालकीचा, बारगिराचा सरकारी. शिलेदाराचा घोडा गेला की त्याची रोजी गेली. मांडलेल्या फळीवर, तोफांसमोर घोडा घालणं हे त्याच्या हिशोबात बसत नाही. विस्कटलेल्या शत्रूवर तुटून पडणं बसतं. म्हणून शिलेदार सोंगटीला दोन आकडे: मांडलेल्या पलटणीवर ३, विस्कटलेल्यावर ९. ७४ वी पलटण असईसमोरच्या माऱ्यात फुटली तेव्हा स्वार तिच्यावर आले. पटावरही आता तेच होतं, वेगळा नियम न लिहिता.

११ जुलै : पुढचं ठाऊक असणं

उतार कुठे आहे हे वेलस्लीला कुणी सांगितलं नव्हतं. केळणेच्या दोन काठांवर पिंपळगाव आणि वरूड ही गावं समोरासमोर दिसली, त्यावरून मधे उतार असणारच असं त्याने ताडलं. वाचकाला हे ठाऊक असतं, आणि मराठी बाजू खेळणारा पहिल्याच पाळीत तिथे चार पलटणी नेऊन बसवतो.

उतार दर डावाला वेगळ्या जागी ठेवून पाहिला. नकाशा खोटा वाटायला लागला, आणि गावांवरून उतार ओळखण्यातली गंमतही गेली. तो बदल काढला. त्याऐवजी हुकमाला वेळ लावला: मराठी बाजूचा कोणताही हुकूम एक पाळी उशिरा लागू होतो, आणि इंग्रजांची पहिली सोंगटी केळणेच्या काठापासून चार घरांत दिसेपर्यंत मूळ फळी हलत नाही. दिसणं पहिल्या पाळीत, हुकूम दुसऱ्या, चाल तिसऱ्या. त्यामुळे १२ जूनच्या हिशोबात उतारापर्यंत येण्याच्या दोन पाळ्या इंग्रजांकडेही वाढवल्या. बरोबरी शाबूत.

१८ जुलै : चाल परत घेणं

चाल परत घेऊ द्यावी की नाही यावर एकच कसोटी ठेवली: चालीने नवीन काही कळलं का? शत्रूची सोंगटी दिसली, दान पडलं किंवा समोरून गोळीबार झाला की चाल पक्की. नाहीतर परत घेता येते. चुकून भलत्या घरावर बोट पडल्याची शिक्षा नको. पाहून मग मन बदलण्याची सोय मात्र नको.

हल्ल्याआधी शक्यता टक्क्यांत आणि त्यामागची बेरीज-वजाबाकी पूर्ण दाखवायची: धीर ८, छर्रा वजा २, बगल वजा २. हरल्यावर कारण बोट ठेवून दाखवता येत नसेल तर दुसरा डाव कशासाठी मांडायचा? पहिल्या मांडणीत फक्त अंतिम टक्का होता. तेव्हा तक्रार फाशांविरुद्ध येत होती. बेरीज दाखवल्यावर चर्चा बगल कुणी उघडी टाकली यावर वळली.

२६ जुलै : उजवी बाजू

पहाऱ्याच्या तुकड्या ऑरॉकच्या हाताखाली उजवीकडे भरकटून असई गावावर गेल्या, ७४ वी त्यांच्यामागे गेली, आणि गावातल्या तोफांनी दोघांची दाणादाण उडवली. ही चूक नियमाने करवून घ्यायची का? नाही. खेळणाऱ्याच्या हातून जबरदस्तीने चूक करवली तर ती त्याची राहत नाही. पण तिरप्या चालीचा हुकूम दिल्यावर गोंधळाची जागा ठेवली: उजव्या टोकाची सोंगटी तिरपी चालली तर सहापैकी एका दानाला ती आणखी एक घर उजवीकडे सरकते. सरळ चालली तर कधीच नाही.

संगणकाच्या बाजूला फार हुशारी घातलेली नाही. प्रत्येक घरावर दोन्ही बाजूंच्या माऱ्याची बेरीज करून पट रंगवायचा आणि पलटणीला कमी धोक्याच्या पण फळीला लागून असलेल्या घरात न्यायचं. पुढच्या तीन पाळ्यांचा विचार करायला लावला तर उत्तर फार उशिरा येतं. अंतरासाठी स्तंभ-ओळ न वापरता तिरपे अक्ष वापरावेत: दोन अक्षांवरचे फरक आणि त्यांची बेरीज, तिघांच्या केवल किमती (उणे चिन्ह सोडून) मिळवून निम्म्या करायच्या. स्तंभ-ओळीत विषम स्तंभांचे शेजारी वेगळे येतात आणि ती चूक एकाआड एक स्तंभांतच दिसते.

३ ऑगस्ट : जिंकणं

प्रत्यक्षात इंग्रजांचे ४२८ ठार, १,१३८ जखमी, १८ बेपत्ता. एकूण १,५८४, म्हणजे साडेचार हजारांतले ३५ टक्के. हाती ९८ तोफा. स्टीव्हन्सनची दुसरी इंग्रज फौज दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचली, तेव्हा तिची पटावर मदत नाही. इंग्रज जिंकतात ते १८ पाळ्यांत ६० तोफा घेऊन, आणि तेही हानी ४० टक्क्यांच्या आत राहिली तर. तोफा घेतल्या पण हानी वर गेली तर डाव मराठी बाजूचा. तोफांचा आकडा ८० ठेवला होता. शेवटच्या तीन पाळ्या नुसती वेचणी व्हायची.

९ ऑगस्ट

नियमपुस्तिका १२ पानांत बसली. उताराच्या चौकटीत दोन गावांची नावं दिली आहेत, बाण दाखवलेला नाही.

पुढचा पट २९ नोव्हेंबर १८०३ च्या अडगावचा. असईत उत्तम लढलेल्या मद्रासच्या पलटणींपैकी तीन तिथे तोफांचा पहिला मारा होताच मागे फिरल्या आणि त्यांना पुन्हा उभं करावं लागलं. म्हणजे असईत खाल्लेल्या छर्ऱ्याची नोंद प्रत्येक पलटणीच्या खात्यावर ठेवून पुढच्या लढाईत न्यावी लागणार. जतन केलेल्या डावात त्यासाठी 'धास्ती' नावाचा रकाना आजच जोडला. सध्या सगळीकडे शून्य.